नेरळची लोकल, ऐरोलीचं ऑफिस आणि एकाच कंपनीतली लांब नोकरी

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की वर्षभरात कंपनीतली साधारण दोन टक्के माणसं कमी होणार. म्हणजे बारा हजारांहून जास्त नोकऱ्या, आणि त्यातही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरच्या. कर्जत, नेरळ, खोपोली पट्ट्यातल्या ज्या घरांतली मुलं-मुली आयटीत आहेत, तिथे त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. फ्रेशरला काढलं असतं तर लोक म्हणाले असते, नवीन आहे, दुसरीकडे लागेल. पण दहा-पंधरा वर्षं एकाच ठिकाणी घासलेल्या माणसाला घरी बसवतात म्हटल्यावर आई-बाप हादरले. जुमाच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक साहेब मला म्हणाले, "मग वफादारी कशासाठी करायची?"

प्रश्न रास्त आहे. आणि तो माझ्या घरातही आला होता.

माझी भाची नेरळला राहते. संगणक शाखेतून इंजिनिअर झाली आणि २०१८ पासून ऐरोलीतल्या एका कंपनीत आहे. कंपनी मोठी नाही, नावही फार लोकांना ठाऊक नसेल. दवाखाने आणि त्यांच्या औषध दुकानांचं बिलिंग, साठा, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवते आणि विकते. भाचीचा पगार वर्षाला चौदा लाख. बेंगळुरूच्या एका कंपनीने तिला एकोणीस लाखांची ऑफर दिली. दुल्हाभाई म्हणाले, "घे आणि निघ." बहीण म्हणाली, "ओळखीचं ऑफिस सोडू नको." आणि भाची म्हणाली, "मामू, तुम्हीच सांगा."

मला आयटीतलं कळत नाही. पण गेले तीन महिने या विषयावर वाचतोय, विचारतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

दुल्हाभाईंचं म्हणणं आधी समजून घ्यायला हवं. ते बावीस वर्षं गल्फमध्ये होते. तिथे नोकरी म्हणजे दोन वर्षांचा करार. करार संपला की सुट्टी, सुट्टी संपली की नवा करार, आणि समोरच्या कंपनीने शंभर रियाल जास्त दिले तर तिकडे. कोकणातल्या आपल्या किती घरांचा चुलखंड या हिशेबावर चाललाय! जहाजावर गेलेल्यांचंही तेच. नोकरीत माणूस वाढतो, ही कल्पनाच त्या जगात नाही. नोकरीतून पैसा येतो आणि माणूस गावी घर बांधतो.

दुसरा अनुभव खालापूर तालुक्यातला. खोपोलीच्या आणि रसायनीच्या कारखान्यांत ज्यांना 'परमनंट' म्हणून घेतलं, त्यांचं आयुष्य एका गेटमधून आत जाण्यात आणि बाहेर येण्यात गेलं. मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. पण रसायनीची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी. तिचाही तिथला कारखाना २०१७ मध्ये बंद करायचं केंद्राने ठरवलं. परमनंटचा शिक्का असलेली माणसं मोकळी झाली. तेव्हापासून 'कायमची नोकरी' हा शब्द आपल्याकडे जरा जपूनच वापरतात.

म्हणजे घरात दोन सल्ले असतात आणि दोन्ही अनुभवातून आलेले असतात. अडचण अशी की सॉफ्टवेअर बनवून विकणारी कंपनी ना गल्फच्या करारासारखी असते, ना कारखान्यासारखी.

सेवा वेगळी, प्रॉडक्ट वेगळं

आपण सगळ्यालाच 'आयटी' म्हणतो. पण त्यात दोन धंदे आहेत. एक सेवेचा. परदेशातली बँक किंवा विमा कंपनी काम देते, आपली कंपनी माणसं लावते आणि माणसांच्या दिवसांचं बिल करते. काम संपलं की माणूस 'बेंच'वर. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियमच केला की वर्षातले किमान २२५ दिवस माणूस बिल होणाऱ्या कामावर हवा, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. या धंद्यात पंधरा वर्षं काढलेला माणूस महाग होतो. त्याचा पगार गिऱ्हाईकाला लावता आला तर ठीक, नाहीतर तो कंपनीला ओझं वाटायला लागतो. कंपनीने तेव्हा कारण दिलं ते कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नसल्याचं. कर्मचाऱ्यांच्या संघटनांना ते पटलं नाही, त्यांनी आंदोलनंही केली. कारण काहीही असो, मार मधल्या माणसाला बसला.

दुसरा धंदा प्रॉडक्टचा. एकच सॉफ्टवेअर बनवायचं, ते हजार गिऱ्हाइकांना विकायचं, आणि मग वर्षानुवर्षं सुधारत राहायचं. खोपोलीच्या बाजारपेठेत कुठल्याही वाण्याच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात जा, हिशेब बहुतेक वेळा टॅलीवर. ते १९८६ सालचं आहे. मुंबईत सिटी बँकेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून फ्लेक्सक्यूब नावाचं बँकिंगचं प्रॉडक्ट १९९७ मध्ये बाजारात आलं. पुढे ती कंपनी आय-फ्लेक्स झाली. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीचा ४१ टक्के हिस्सा ५९.३ कोटी डॉलरला घेतला. मालक बदलला, पाटी बदलली, पण ते प्रॉडक्ट जगभरच्या बँकांत चालूच राहिलं. पुण्यात कैलास काटकर, साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले. भाऊ संजयने अँटीव्हायरस लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

अशा प्रॉडक्टचं आयुष्य वीस-तीस-चाळीस वर्षांचं असतं. साहजिकच त्याच्याबरोबर म्हातारं होणारं माणूसही लागतं.

त्याच टीसीएसमधलं एक उदाहरण मुद्दाम देतो. एन. गणपती सुब्रमण्यम १९८२ मध्ये कंपनीत लागले आणि मे २०२४ मध्ये मुख्य परिचालन अधिकारी या पदावरून निवृत्त झाले. बेचाळीस वर्षं! त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग बँकांच्या संगणकीकरणात आणि 'बॅन्क्स' या प्रॉडक्टमध्ये गेला. कर्जतच्या स्टेट बँकेत तुम्ही पासबुक भरून घेता ना, त्यामागे चालणारी यंत्रणा हीच. म्हणजे एकाच कंपनीत, सेवेच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीतही, ज्याच्या हातात प्रॉडक्ट होतं तो माणूस वाढत गेला. सगळेच सुब्रमण्यम होत नाहीत हे मान्य. पण कोण टिकतं हे कंपनीच्या नावापेक्षा हातातल्या कामावर ठरतं, एवढं यातून दिसतं.

आपल्या समाजात असा विषय निघाला की कुणीतरी अझीम प्रेमजींचं नाव घेतंच. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण टाकून ते परत आले. अमळनेरची वनस्पती तुपाची कंपनी हातात घेतली आणि २०१९ पर्यंत, त्रेपन्न वर्षं, तिथेच राहिले. अभिमानाची गोष्ट आहेच. पण ते मालक होते. मालकाला कोण काढणार? पगारदाराने त्यांचा दाखला घेऊन बसू नये.

वाढ नेमकी कशात होते

भाचीला मी विचारलं, "सात वर्षांत तू काय शिकलीस, जे नवीन मुलाला येत नाही?" तिने सांगितलेली हकीकत मला पगाराच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. निर्णय जाहीर झाला ३ सप्टेंबरला. बहुतेक औषधं बारा टक्क्यांवरून पाचवर आली. तीन आठवड्यांच्या आत त्यांच्या सॉफ्टवेअरला नव्या दराने बिल काढता यायला हवं होतं. वरून सोपं वाटतं, बाराच्या जागी पाच लिहायचं. पण दुकानात पडलेला माल जुन्या दराने घेतलेला. २० तारखेला विकलेलं औषध २५ तारखेला परत आलं तर कर कुठला लावायचा? छापील किंमत जुनी, विक्री नवी. काही दवाखाने औषध वेगळं न दाखवता पॅकेजचं बिल करतात, त्यांचं काय? कोडमध्ये एके ठिकाणी विचित्र वाटणारी एक अट होती. नवीन मुलाने ती निरुपयोगी समजून काढून टाकली. भाचीने पाहिलं आणि थांबवलं. ती अट कोविडच्या काळात कर बदलले तेव्हा एका दवाखान्याच्या परतीच्या मालामुळे तिनेच घातली होती. ती गेली असती तर शेकडो दुकानांची परतीची बिलं चुकली असती. त्या रात्री टीममधल्या दोनच माणसांना हे माहीत होतं, त्यातली एक ही.

प्रॉडक्टच्या नोकरीत माणूस वाढतो तो असा. पहिली दोन वर्षं चुका दुरुस्त करण्यात जातात. मग एखादा भाग तुमच्या नावावर होतो. मग गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन विचारतं. सात-आठ वर्षांनी रस्ता फुटतो. एक फाटा माणसं सांभाळायचा, म्हणजे मॅनेजर. दुसरा तंत्राचा, म्हणजे आर्किटेक्ट वगैरे. तिसरा, ज्याकडे आपली मुलं क्वचित बघतात, तो प्रॉडक्ट मॅनेजरचा : गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखून काय बनवायचं, काय नाही हे ठरवणारा. ज्याला दवाखान्याचं काउंटर समजतं तो इथे चालतो, कोड कितीही चांगला येवो. जिथे हे तीनही फाटे उघडे आहेत तिथे वीस वर्षं काढता येतात. जिथे फक्त मॅनेजर होणं म्हणजेच बढती, तिथे दहाव्या वर्षी गर्दी होते आणि कपात आली की पहिला वार त्याच गर्दीवर पडतो.

एआयबद्दल सगळे विचारतात. कोड लिहायचं बरंचसं काम आता यंत्र करतं, हे खरंच आहे. भाचीही वापरते. पण ती विचित्र अट कशासाठी आहे हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारं माणूस महाग आहे. फक्त सांगितलेलं टाइप करणारा मात्र धोक्यात आहे, मग तो एका कंपनीत असो की पाच कंपन्या फिरलेला.

पण वफादारीला भाव कमी मिळतो

आता दुसरी बाजू. जागेवर थांबणाऱ्याला दरवर्षी आठ-दहा टक्के वाढ मिळते. बाहेर जाणाऱ्याला एकदम तीस-पस्तीस. भाचीच्या खुर्चीशेजारी गेल्या वर्षी आलेला मुलगा, अनुभव तिच्यापेक्षा दोन वर्षं कमी, पगार तिच्यापेक्षा जास्त. हा अन्यायच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. दुल्हाभाईंचा राग यावरच आहे आणि त्यांचं काही चूक नाही.

दुसरा धोका गंज चढण्याचा. ज्या प्रॉडक्टची भाषा, डेटाबेस, सगळंच जुनं, आणि कंपनी ते बदलत नाही, तिथे सात वर्षं काढलेल्या माणसाला बाहेर कुणी विचारत नाही. मी स्वतः एका खासगी संस्थेत चौदा वर्षं हिशेबाचं काम केलं. त्यांनी शेवटपर्यंत जुनी पद्धत सोडली नाही, आणि संस्था बंद झाली तेव्हा मला चाळिशीत कॉम्प्युटरच्या क्लासला पोरांबरोबर बसावं लागलं. म्हणून भाचीला मी पहिला प्रश्न तोच केला : गेल्या दोन वर्षांत काय नवीन हाताळलंस? तिने क्लाउडवर केलेल्या कामाचं सांगितलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

पैशाचा हिशेबही पगाराच्या एका आकड्यावर करू नये. ग्रॅच्युइटी घ्या. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षं पूर्ण झाली की ती लागू होते. शेवटच्या महिन्याचं मूळ वेतन, त्याला पंधरा भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. साठ हजार मूळ वेतन धरलं तर सात वर्षांचे सुमारे २ लाख ४२ हजार होतात. हे पैसे नोकरी सोडली तरी मिळतात, कुणी घाबरवलं तर घाबरू नका. पण नव्या कंपनीत पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू होतं. दर तीन वर्षांनी उडी मारणाऱ्याला आयुष्यभर ग्रॅच्युइटीचा रुपया दिसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिलाय, आणि वेतनाची व्याख्या अशी केलीय की भत्त्यांचा भाग एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त दाखवून कंपनीला हात वर करता येऊ नयेत. ऑफर लेटरमध्ये मूळ वेतन किती लिहिलंय ते म्हणूनच आधी बघा.

पीएफचं तर आपल्याकडे दरवेळी तेच होतं. नोकरी बदलली की पैसे काढायचे आणि घराच्या कामाला लावायचे. पेन्शनचे पैसेही काढले की पेन्शनसाठीची सेवा तुटते. निवृत्तिवेतनाला एकूण दहा वर्षांची सेवा लागते, ती कंपन्या बदलूनही जोडता येते, फक्त खातं नव्या कंपनीकडे वर्ग करायला हवं.

आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, पण त्याआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. शिवाय कागदावरची रजा वेगळी आणि परत आल्यावर आपली खुर्ची आपल्यालाच मिळणं वेगळं. सात वर्षं जिने प्रॉडक्ट सांभाळलं तिची सहा महिने वाट बघायला ऑफिस तयार असतं. चार महिन्यांपूर्वी आलेलीची बघेलच, याची खात्री नाही.

काही कंपन्या पगाराबरोबर शेअर देतात. ते साधारण चार वर्षांत थोडेथोडे नावावर होतात. कंपनी बाजारात आली तर चांदी, नाही आली तर तो कागद. शेअरच्या आकड्याला पगार समजून घराचा हप्ता ठरवू नका, एवढंच.

बेंगळुरू म्हणजे फक्त विमानाचं तिकीट नाही

पाच लाख जास्त मिळणार म्हटल्यावर तिथलं भाडं, डिपॉझिट, येणं-जाणं यांत किती उरणार हा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पण एक रकाना कागदावर मांडता येत नाही. मोठ्या शहरात आपलं नाव ऐकल्यावर फ्लॅट 'कालच गेला' असं सांगणारे घरमालक आपल्या बहुतेक मुलांना भेटलेले असतात. नवीन ऑफिसात नाव, दाढी, हिजाब यांची ओळख आधी होते, कामाची नंतर. भाची हिजाब घालते. ऐरोलीत पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर प्रश्न यायचे, आता कुणी विचारत नाही, कारण रिलीजच्या रात्री फोन हिलाच लागतो. ही कमाई पगाराच्या स्लिपवर येत नाही आणि नोकरी बदलली की बरोबर नेताही येत नाही. याला कुणी भीती म्हणेल. म्हणू दे. सहन करणाऱ्यालाच तो हिशेब ठाऊक असतो.

उलट बाजूला लोकल आहे. नेरळहून ठाणे, ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी, मग ऐरोली. दाराशी येईपर्यंत दोन तास, परत तेवढेच. खोपोलीकरांची अवस्था आणखी वाईट, कर्जतच्या पुढे गाड्याच मोजक्या. हायब्रिडमुळे तिला आठवड्याला तीनच दिवस जावं लागतं म्हणून निभतंय. उद्या पाच दिवस बोलावलं तर? पनवेल-कर्जत हा सुमारे तीस किलोमीटरचा उपनगरी मार्ग सुरू झाला की चौक, कर्जतकडची मुलं पनवेलमार्गे बेलापूर, खारघरकडे थेट जातील. वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा त्याच मार्गावर आहे. तारखा पुढे जात राहिल्या आहेत, त्यामुळे या गाडीच्या भरवशावर आज कुणी ऑफर घेऊ नये. पण दहा वर्षांचा विचार करणाऱ्याने हा मार्ग नकाशावर धरायलाच हवा.

अमेरिकेची वाट तर सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी अरुंद झाली. नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम निघाला. 'दोन वर्षं इथे, मग तिकडे' असं म्हणत सेवेच्या कंपनीत शिरणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावं. कर्जतच्या, भिवपुरीच्या, नवीन पनवेलच्या कळसेकर कॅम्पसच्या मुलांना मी भेटतो तेव्हा ते पहिला प्रश्न पॅकेजचा करतात. कंपनी काय विकते, माणसांचे दिवस की स्वतःची वस्तू, हे मुलाखतीआधी बघून जाणारा मुलगा मला अजून भेटायचाय.

भाचीने काय केलं? तिने साहेबांना तोंडी न सांगता लेखी मागितलं : पगार बाजाराला धरून करा, आणि मला प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामात घ्या. ऑफर दाखवून धमकी दिली नाही. साडेसोळा लाखांचं पत्र आलं आणि सहा दवाखान्यांची जबाबदारी तिच्याकडे आली. बेंगळुरूला तिने नकार कळवला, पण त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंचा नंबर ठेवलाय. वर्षाने पुन्हा बघू, म्हणाली.

दुल्हाभाई अजून नाराज आहेत. परवा फोनवर म्हणाले, "भाई, अडीच लाख दर सालचे गेले. दहा सालांचे किती?" मी म्हटलं, पंचवीस. ते म्हणाले, "लिहून ठेव."